भाच्याचं तिसरं मागणं

नवा साउंड मिक्सर हातात येऊन पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच तोरेखानच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"तोरेजान, बरा आहेस ना? आवाज असा का येतोय तुझा?"

"कसा येतोय, आपा?"

"चोरी करताना सापडल्यासारखा."

तोरेखाननं मांडीवरचा डबा हातानं झाकला, जणू आपाला तो फोनमधून दिसणार होता. डबा काळा आणि चपटा. दोन नान एकावर एक ठेवले तर जेवढे होतील, तेवढाच. पुढे एक हिरवा दिवा, मागे वायरी खुपसायची भोकं. बटणं नाहीत, आवाज वर-खाली करायच्या सरकपट्ट्या नाहीत, काही नाही. लोखंडी चौकटीत हा डबा बसवायचा, चौकट स्टेजखाली ढकलायची, आणि मग हातात टॅब घेऊन लग्नात पाहुण्यासारखं हिंडायचं. जाता जाता मटणाचा तुकडा तोंडात टाकायचा, बोट फिरवून गायिकेचा आवाज थोडा वर घ्यायचा, दोनतारी डोंब्राचा थोडा खाली. या सुखासाठी तोरेखान तीन वर्षं झुरत होता. त्या सकाळी अल्माटीच्या बसचा ड्रायव्हर डबा काखेत मारून दारात आला, तेव्हा ते काखेत मारणं बघूनच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कारण त्याचा जुना मिक्सर उचलायला चार माणसं लागायची. बत्तीस सरकपट्ट्यांचं ते धूड एवढं लांब होतं की मेर्केतल्या एका लग्नात वाढप्यांनी त्याला टेबल समजून वर समोशांची परात मांडली होती, आणि दुसऱ्या एका लग्नात दोन पाहुणे त्याच्या समोरासमोर बसून जेवून गेले. व्हॅनमध्ये मागे तो चढवला की पुढची चाकं जमीन सोडायची, म्हणून कामशातला, म्हणजे तोरेखानच्या बायकोला, पुढे बसवावं लागायचं. हे कामशातच्या अंगकाठीबद्दल बोलणं नव्हे, असं तोरेखान प्रत्येक वेळी सांगायचा, आणि प्रत्येक वेळी ते ऐकून ती आणखी चिडायची.

तर तो मिक्सर गेल्या मे महिन्यात वारला. नवरदेवाच्या एका काकानं त्याच्यात वाडगाभर कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ओतलं. चुकून नव्हे, आदरानं. "सकाळपासून राबतोय बिचारा," असं म्हणून. तेव्हापासून त्याचे दिवे लागायचे, पण तोंडातून शब्द नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्यानं त्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"ऐकतोयस ना?" आपा फोनवर म्हणाली. "येरसायिन येतोय शुक्रवारी."

तोरेखाननं डबा छातीशी धरला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? मामाकडे यायला पोराला कारण लागतं होय? हल्ली तोही तारझला लग्नांत साउंड करतो, ठाऊक आहे ना? म्हणाला, मामाकडे जायचंय, एक गोष्ट मागायचीय."

"काय मागायचंय?"

"ते तो तुलाच सांगेल. तिसरं मागणं आहे त्याचं, विचार करूनच मागणार."

आता इथं तोरेखान का घाबरला ते सांगायला हवं. आमच्याकडे बहिणीच्या मुलाला आयुष्यात तीन मागणी असतात. मामाच्या घरातलं जे आवडेल त्याचं नाव घ्यायचं, चार माणसांदेखत, आणि मामानं ते द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही. भाच्याला नाकारणाऱ्याचे हात थरथरायला लागतात आणि थांबत नाहीत. पलीकडच्या गावात एका मामानं भाच्याला साधा बोकड नाकारला होता. त्याचे हात असे सुटले, की आता बायको सकाळी त्याच्या मनगटांना घोडीच्या दुधाची पिशवी बांधते आणि दुपारी घुसळलेलं कुमिस काढून घेते. अख्ख्या तालुक्यात तसं कुमिस मिळत नाही. पण साउंडवाल्याला असले हात काय कामाचे?

येरसायिननं पहिलं मागणं सहाव्या वर्षी केलं. मामाच्या अंगणात परवाच जन्मलेलं पिंगट शिंगरू होतं, ते मागितलं. पुढे त्या शिंगरानं अकरा शर्यती जिंकल्या, एक तर स्वार पडल्यावर. दुसरं मागणं एकविसाव्या वर्षी, गाडीचं. गाडी आठवड्यापूर्वी घरात आली होती, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. म्हणजे घरात नवं आणि जिवापाड जपावं असं काही आलं, की भाच्याला तारझमध्ये त्याचा वास लागत होता.

"अहो, एवढं काय घाबरताय?" कामशात म्हणाली. "दिसला नाही तर मागेल कसा?"

हे तोरेखानला पटलं. त्यानं मिक्सर गोधड्यांच्या चळतीत लपवला. मग लक्षात आलं, की पाहुणा आला की आधी त्याला बसायला गोधड्याच काढतात. तिथून तो पिठाच्या पिंपात गेला. दुपारी कामशातनं पाहुण्यासाठी कणीक मळायला पीठ काढलं आणि तिच्या हाताला वायरीचं भोक लागलं.

"हा पिठात?"

"पिशवीत गुंडाळलाय."

"लग्न झालं तेव्हा माझे दागिने तुम्ही जिन्याखाली ठेवले होते. उघडे."

शेवटी मिक्सर व्हॅनमध्ये गेला, सुट्या टायरच्या मागे, वर दोन पोती बटाटे. तोरेखान रात्रभर खिडकीशी बसून होता असं कामशात नंतर सगळ्यांना सांगत होती. ते खरं नाही. मधे तासभर तो व्हॅनमध्ये जाऊन बसला होता.

शुक्रवारी दुपारी येरसायिन आला. धिप्पाड, हसरा, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा. मामाला मिठी मारली, मामीच्या हातात टरबूज दिलं, गोधडीवर मांडी घालून बसला, हात धुतले आणि म्हणाला, "मामा, मी आलो ते एका कामासाठी. एक मागाय—"

तोरेखाननं समोरच्या परातीतून मूठभर घोड्याचं मटण, कांदा आणि पिठाच्या उकडलेल्या चार चौकोनी पट्ट्या उचलल्या आणि सगळं भाच्याच्या तोंडात कोंबलं.

थोरल्यानं धाकट्याला स्वतःच्या हातानं भरवणं हा आमच्याकडे मोठा मान. तो हात परतवता येत नाही. येरसायिननं डोळे मोठे केले, चावलं, गिळलं.

"मामा, तर मी म्हणत होतो—"

दुसरी मूठ.

"अहो, पोराला श्वास तरी घेऊ द्या."

"माझा भाचा आहे! मी नाही भरवणार तर कोण भरवणार? बघ कसा वाळलाय."

वाळलेल्या भाच्याच्या शर्टाचं बटण नेमकं तेव्हाच उडून चहाच्या वाटीत पडलं. तिसऱ्या मुठीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या मुठीला तो नुसता "मा" एवढं म्हणू शकला. तोरेखानला स्वतःचीच लाज वाटत होती, पण भाच्याचे ओठ हलले की त्याचा हात आपोआप परातीकडे जायचा. अकराव्या मुठीनंतर येरसायिन जिथं बसला होता तिथंच आडवा झाला आणि घोरायला लागला.

"जिंकलात," कामशात परात उचलत म्हणाली. "उद्या काय भरवणार? घोडा संपला."

उद्याचीच भीती होती. उद्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मुलाचं लग्न होतं, दुपारी, मेर्केतल्या मोठ्या हॉलमध्ये, तीनशे पाहुणे. नवा मिक्सर नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण दुसरा बोलणारा मिक्सर घरात नव्हताच. येरसायिनला घरी ठेवावं, तर सकाळी डोळे उघडल्याबरोबर तो म्हणाला, "मामा, मी येतो तुमच्या मदतीला. पाहू तरी तुम्ही कसं करता." आणि पुढे काही बोलणार तोच तोरेखान व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि हॉर्न वाजवायला लागला.

भीतीनं माणसाचं डोकं कधी कधी असं चालतं, की धीट माणसाचं चालणार नाही. तोरेखाननं मेलेला मिक्सरही बरोबर घेतला.

"त्याला कशाला नेताय?" कामशातनं विचारलं. "दफन करायला?"

"दाखवायला," तोरेखान कुजबुजला. "टेबलावर हा. स्टेजखाली तो. येरसायिनला दिसणार हा. जे दिसेल तेच मागणार ना?"

"आणि तुम्ही आवाज कुठून करणार?"

तोरेखाननं भिंतीवरचा चापान काढला. सासऱ्यानं लग्नात त्याच्या अंगावर पांघरलेला, आतून कापूस भरलेला, गुडघ्याखाली लोंबणारा, हिवाळ्यात डोंगरावर घालायचा जड डगला. त्याच्या आत टॅबच काय, मेंढी मावली असती. ऑगस्ट महिना होता. त्या दिवशी मेर्केत इतकं ऊन होतं की कोंबड्या सावलीत शिजून निघत होत्या.

हॉलमध्ये पोहोचल्यावर तोरेखाननं भाच्याला तीन वेळा व्हॅनकडे पिटाळलं, एकदा लांब वायरीसाठी, एकदा आखूड वायरीसाठी, एकदा मधल्या वायरीसाठी. तेवढ्यात डबा स्टेजखाली पडद्याआड गेला आणि खरे माइक त्याला जोडून झाले. मेलेल्या मिक्सरमधून त्यानं एक जाडजूड वायरींची मोळी काढून तीही स्टेजखाली नेली. ती तिथं जाऊन संपत होती. मिक्सर चालू केला, बत्तीस लाल दिवे लागले. मेलेल्या माणसानं अचानक डोळे उघडावेत तसं ते दिसत होतं.

"मामा, काय देखणं आहे हो हे!" येरसायिन म्हणाला आणि त्यानं सरकपट्ट्यांवरून हात फिरवला. "आमच्या तारझला सगळे ते चपटे डबे घेऊन फिरतात. बटण नाही, काही नाही."

तोरेखानला ठसका लागला. "चपटे डबे? शी."

"बसा तुम्ही. मी चालवतो आज."

"तू?"

"तुम्ही आयुष्यभर उभे राहिलात. आणि मामा, अंगावर चापान का? ताप आहे का?"

"थंडी वाजतेय."

"मग बसाच."

आणि तोरेखान हादरून खुर्चीत बसला. नाही म्हणणं शक्यच नव्हतं; भाच्याला कशालाही नाही म्हणायची त्याची हिंमत उरली नव्हती. चापानाच्या आत, छातीशी टॅब, मान खाली घातली की गळ्यातून टॅबचा पडदा दिसायचा, मान वर केली की भाच्याचे हात. आता भाचा जी सरकपट्टी हलवेल ती आत हलवायची, त्याच क्षणी, तेवढीच. एकदा चुकलं की भाच्याला कळणार. भाच्याला कळलं की तो स्टेजखाली बघणार. बघितलं की मागणार.

समारंभाचा सूत्रधार दुलात माइकवर आला. येरसायिननं पहिली पट्टी वर घेतली. तोरेखानच्या बोटानं आत पहिली पट्टी वर घेतली. दुलातचा आवाज हॉलभर घुमला. डोंब्रावाला आला, पाचवी पट्टी. गायिका आली, सातवी पट्टी. येरसायिन गायिकेला वर घेणार हे तोरेखानला तिनं श्वास घेतला तेव्हाच कळायचं, कारण त्यानंही तेच केलं असतं. घामानं चापानाचा कापूस भिजून वजन दुप्पट झालं होतं.

"मामा, आवाजाचे मीटर हलत नाहीत याचे."

"आठ वर्षं झाली बंद पडून. कानानं ऐकायचं."

"हेडफोनमध्ये काही येत नाही."

"हेडफोन लावणारे लोक ऐकत नाहीत."

येरसायिननं मान डोलावली. "खरंय. पण काय मऊ चालतो हो! मी नुसतं मनात आणतो, अन् होतं."

वधूचा चेहरा उघडण्याची वेळ झाली. गाणारा सासरच्या एकेका माणसाचं नाव घेई, बुरख्याआड वधू वाके. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग नवरदेवाची आजी उठली. वय ब्याण्णव, आवाज वाळक्या पानासारखा. तिनं आशीर्वादासाठी तळहात पुढे केले, तीनशे पाहुण्यांनी तळहात पुढे केले, आणि त्याच क्षणी येरसायिन मागे वळून म्हणाला, "मामा, हे होऊन जाऊ दे, मग मला तुमच्याशी ते मागण्याचं बोलायचंय."

तोरेखानचं बोट उडालं. आवाजाच्या पट्टीवरून घसरून ते प्रतिध्वनीच्या पट्टीवर गेलं आणि थेट टोकाला.

"नांदा सौख्यभरे," आजी म्हणाली. आणि तिचा आवाज हॉलच्या छतापासून, भिंतींपासून, जणू पलीकडच्या अलाताउ डोंगराच्या बर्फापासून परत आला: नांदा सौख्यभरे... सौख्यभरे... भरे... पाहुण्यांनी "आमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवले. पुन्हा प्रतिध्वनी आला. म्हणून त्यांनी पुन्हा हात पुढे केले, पुन्हा तोंडावरून फिरवले. असं सात वेळा झालं. सातव्या वेळेला मुख्याध्यापकांचे कडक शेजारी, ज्यांना कुणी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, ते हुंदके देत होते. "ही बाई पोचलेली आहे," अशी कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतली दोन माणसं गुडघे दुखतात म्हणून आजीच्या पायाशी येऊन बसली. आजी त्यांच्याकडे बघत होती आणि शेजारच्या सुनेला विचारत होती, "हे कुणाचे?"

"मामा, मी काही हात लावला नव्हता हं," येरसायिन हळूच म्हणाला.

"जुनं यंत्र आहे. भावूक होतं कधी कधी."

तोरेखान आता खरंच थरथरायला लागला होता. भाच्याला अजून नकार दिला नव्हता तरी हे! नुसत्या मनातल्या नकाराला एवढं, तर तोंडानं दिला असता तर काय झालं असतं? एक जाडजूड मावशी जवळ आल्या. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला, "अगं बाई, केवढी थंडी भरलीय," म्हणाल्या, आणि आणखी एक चापान आणून त्याच्यावर पांघरला.

इथं घात झाला. सगळ्या हॉलच्या नजरेसमोर ज्याच्या खांद्यावर चापान पांघरला जातो तो मानाचा पाहुणा. दुलात स्टेजवरून हे बघत होता. त्याच्या हातातल्या कागदावर पुढचं नाव कुणाचं ते त्याला बहुतेक वाचता येत नव्हतं.

"आणि आता," दुलात ओरडला, "ज्यांच्या अंगावर दोन-दोन चापान आहेत असे आपले थोर तोरेखानदादा चार शब्द बोलतील!"

टाळ्या. तोरेखान उठला नाही. दोघांनी त्याला उचललं. एका हातात माइक दिला. दुसरा हात चापानाच्या आत टॅबला चिकटलेला होता. लोकांना वाटलं, छातीवर हात ठेवलाय, केवढी नम्रता. स्टेजवरून त्याला भाच्याचे हात दिसत नव्हते, फक्त चेहरा दिसत होता. आणि त्या भरात तो बोलत बोलत थेट स्पीकरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. बावीस वर्षं तो दुसऱ्यांना ओरडून सांगत आला होता, माइक घेऊन तिथं जाऊ नका.

माइकनं किंकाळी फोडली. अशी, की स्वयंपाकघरात कापायला आणलेली मेंढी दोर तोडून पळाली आणि ती अजून सापडलेली नाही. पाहुण्यांनी कानात बोटं घातली. येरसायिननं सरकपट्टी खाली ओढली. किंकाळी तशीच. दुसरी ओढली. तशीच. मग दोन्ही हातांनी बत्तीसच्या बत्तीस खाली. किंकाळी आणखी वर चढली. तोरेखाननं चापानाच्या आत आंधळ्यासारखी बोटं मारली, कुठं लागलं कोण जाणे, आणि सगळंच बंद झालं. माइक, डोंब्रा, गाणं, सगळं.

तीनशे माणसांनी कानातली बोटं काढली. मुख्याध्यापक उभे राहिले. त्यांच्या मुलाचं लग्न मुकं झालं होतं.

तोरेखाननं भाच्याकडे पाहिलं. येरसायिननं मामाकडे पाहिलं. मग त्यानं बाह्या सारल्या, उजवा हात सगळ्यांना दिसेल असा हवेत धरला, आणि तो अगदी सावकाश उंच नेत डाव्या हातानं मधली एक पट्टी, सगळ्यांच्या देखत, वर घ्यायला लागला. तो हात तोरेखानला स्टेजवरूनही दिसत होता. त्यानं आत बोट ठेवलं आणि तेवढ्याच सावकाश वर नेलं. डोंब्राचा सूर अंधारातून यावा तसा आला. मग गायिका. मग दुलात, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते सुचत नसल्यासारखं म्हटलं, "टाळ्या!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोरेखानसाठी नव्हे, येरसायिनसाठी.

ऊन कलायला लागलं, पाहुणे पांगले, तेव्हा चार माणसं मेलेला मिक्सर व्हॅनकडे नेत होती. मुख्याध्यापक आणि दुलात येरसायिनचे हात दाबत उभे होते. तोरेखान दोन्ही चापान काढून त्या चौघांच्या मागे लपला होता.

"मामा," येरसायिन म्हणाला. "माझं तोंड आता रिकामं आहे. तुमच्याही हातात काही नाही. मागू?"

साक्षीदार होते. पळायला जागा नव्हती. "माग," तोरेखान म्हणाला, आणि त्याचा आवाज आजीसारखा निघाला, फक्त प्रतिध्वनीशिवाय.

"हा मिक्सर द्या मला. हा मोठा."

तोरेखाननं कान चोळले. "हा? बत्तीस पट्ट्यांचा?"

"हाच. असा मिक्सर मी पाहिला नाही. माझं मन ओळखतो."

"घे!" तोरेखान ओरडला. "घे, बाळा! व्हॅनही ने पोचवायला!" त्यानं भाच्याला मिठी मारली, मुख्याध्यापकांना मिठी मारली, दुलातला मिठी मारली, आणि उरलेल्या उत्साहात मिक्सर उचलणाऱ्या चौघांनाही. त्या भरात मिक्सर एकाच्या पायावर पडला. तिसरं मागणं झालं, आणि डबा शाबूत होता.

हे सुख घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

"मेलेलं जनावर दिलंत भाच्याला?" कामशातनं विचारलं. "जिवंत म्हणून? चार माणसांदेखत?"

"मागितलंन्."

"नाही म्हणाला असतात तर निदान खरं तरी बोलला असतात. हे नकारापेक्षा वाईट. हातांचं काय, मला तर तुमच्या पायांचीसुद्धा खात्री वाटत नाही आता."

तोरेखान चार दिवस जेवला नाही. बुधवारी तारझहून फोन आला. फोन वाजताना घरातल्या सगळ्या वाट्या खुळखुळल्या, कारण टेबलावर त्याचा हात होता.

"मामा, हा इथं बोलतच नाही हो. दिवे लागतात, पण गप्प बसलाय. मला वाटतं, तुमच्याशिवाय करमत नाही त्याला."

"असं वाटतं तुला?"

"शनिवारी लग्न आहे इथं. तुम्ही या, नुसते शेजारी बसा. चापान घेऊन या, हॉलमध्ये गार असतं."

आता सांगायचं तर सगळं सांगायला लागणार, आणि सांगितलं की भाच्याला जिवंत मिक्सरच द्यावा लागणार. घरात जिवंत मिक्सर एकच होता. तोरेखान शनिवारी तारझला गेला. डबा बटाट्यांखाली, टॅब छातीशी. भाच्याला पुन्हा आखूड-लांब वायरींसाठी पिटाळलं. त्या दिवशी मेलेला मिक्सर बोलला, गायला, रडला. पुढच्या शनिवारी शू गावात. त्याच्या पुढच्या शनिवारी कोर्दाईला. येरसायिनचं नाव एवढं झालं, की लोक लग्नाची तारीख त्याला विचारून ठरवायला लागले. आणि सगळीकडे त्याच्या शेजारी, खुर्चीत, चापान पांघरलेला, घामानं निथळणारा एक म्हातारा मामा बसलेला असायचा. लोक म्हणायचे, बघा, भाच्यावर केवढी माया. आजारी असून येतो.

ऑक्टोबरमध्ये, आठव्या लग्नाला, गायिका दुसरं कडवं म्हणत असताना येरसायिननं मान न वळवता डावा हात मागे नेला आणि मामाच्या चापानाच्या आत काहीतरी सरकवलं. तोरेखाननं खाली पाहिलं. चार्जर होता, वायरीसकट.

"लावून ठेवा, मामा," येरसायिन समोर बघत म्हणाला. "आज मुलीकडचे फार बोलणार आहेत. टॅब मधेच बंद पडायला नको."

तोरेखान म्हणाला, "कधीपासून?"

"मेर्केत, पहिल्या गाण्यालाच. मी पट्टी वर घ्यायच्या आधी आवाज वर गेला होता."

"आणि तरी... चपटा डबा का नाही मागितलास? तुझा हक्क होता. मी नाही म्हटलं नसतं. म्हणू शकलो नसतो."

येरसायिननं सहावी पट्टी, जिच्यात काहीही नव्हतं, बोटानं हळूच पुसली.

"डबा मागितला असता तर डबाच मिळाला असता, मामा. तो चालवणारा कुणी दिला असता?"

तोरेखाननं चार्जर जोडला. गायिकेनं तिसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला, आणि भाच्याचा हात सातव्या पट्टीकडे जायच्या आधीच ती हॉलभर वर आली.